जुनी शिडाची नौका: खरेदीपूर्वीची पारख आणि पहिली सफर

प्रश्नकर्त्यांनी सुमारे ३५ वर्षांपूर्वी बांधलेली, ३० फुटी, फायबरग्लासची शिडाची नौका पाहून ठेवली आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ती उद्याही समुद्रात नेता येईल. नौका आहे तिथून त्यांचे बंदर १२० सागरी मैलांवर आहे आणि व्यवहार होताच जोडीदाराला सोबत घेऊन ती स्वतः चालवत आणावी, असा त्यांचा बेत आहे. लहान नौकांचा आणि भाड्याने घेतलेल्या नौकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. नौकेत काय तपासावे आणि ही सफर कशी आखावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. जुन्या नौकेची पारख धक्क्यावर पूर्ण होत नाही. तिचे अर्धे दोष ती कलल्यावर, इंजिन तासभर भाराखाली चालल्यावर आणि लाटांनी इंधनाची टाकी ढवळून निघाल्यावरच उघडे पडतात. त्यामुळे पहिली सफर हा तपासणीचाच उत्तरार्ध आहे असे समजून ती छोटी ठेवावी आणि परतीची वाट सतत मोकळी राहील अशी आखावी. १२० मैलांचा प्रवास त्यानंतर करावा. खरेदीच्या वेळचा प्रत्येक प्रश्नही याच हिशेबाने विचारावा: हा भाग समुद्रात निकामी झाला तर नौका बुडेल, अडकून पडेल, की केवळ गैरसोय होईल? बहुतेक ग्राहक नेमके उलट्या क्रमाने पाहतात. गाद्या, लाकडाची चकाकी आणि नवे पडदे असलेली उपकरणे पाहून त्यांचे मन बसते, आणि कीलचे, म्हणजे नौकेच्या तळाखाली बसवलेल्या जड पात्याचे, बोल्ट पाहण्यासाठी फळी उचलण्याचा कंटाळा केला जातो.

फायबरग्लासच्या हलविषयी, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या कवचाविषयी, फार भीती बाळगण्याचे कारण नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या कितीतरी नौका आजही उत्तम स्थितीत पाण्यावर आहेत. नौका पाण्याबाहेर काढल्यावर तळावर दिसणारे फोड पाहून नवखे लोक दचकतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्यामुळे हे फोड येतात. असा फोड टोचला तर आतून आंबट वासाचे, बोटांना चिकट लागणारे पाणी उडते, आणि ते दाबाखाली असल्यामुळे टोचताना डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. फोडांमुळे नौका बुडाल्याचे क्वचितच ऐकिवात येते. तळ खरवडणे, महिनोन्महिने वाळवणे आणि त्यावर इपॉक्सीचे थर देणे हे काम मात्र वेळखाऊ आणि खर्चिक असते. म्हणून थोडे फोड असतील तर किमतीत घासाघीस करावी. सबंध तळ फोडांनी भरला असेल तरच मागे फिरावे.

डेकचा दोष याहून छुपा असतो आणि बहुधा अधिक महाग पडतो. या काळातल्या बहुतेक नौकांच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड भरलेले असते. डेकवर बसवलेल्या प्रत्येक विंचच्या (दोर ओढण्याच्या यंत्राच्या), कठड्याच्या खांबाच्या आणि आकड्याच्या स्क्रूभोवतीचे सीलंट कालांतराने सुकते, पाणी आत झिरपते आणि आतले लाकूड कुजू लागते. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी किंवा पेचकसाची मूठ घेऊन सर्व डेकवर हलके ठोकत जावे. निरोगी भागातून टणटणीत आवाज येतो आणि कुजलेल्या भागातून भद्द आवाज येतो. हा फरक नवख्या कानालाही काही मिनिटांत कळू लागतो. भद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेषा ओढत गेल्यास तपासणी संपताना डेकवर दुखण्याचा नकाशाच तयार होतो. विक्रेत्याशी भावाची बोलणी हा नकाशा समोर ठेवूनच करावीत.

कीलकडे सर्वाधिक वेळ द्यावा. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ या सुमारे ४० फुटी नौकेची कील अटलांटिक महासागरात सुटली, नौका उलटली आणि तिच्यावरील चौघांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेच्या अहवालात, नौका पूर्वी तळाला लागल्याच्या घटनांमुळे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलच्या जोडाजवळची रचना कमकुवत झाली असण्याची शक्यता मांडली आहे. त्यातून घेण्यासारखा धडा आपल्यालाही लागू आहे. चालती नौका खडकाला किंवा टणक वाळूला लागते तेव्हा कीलचा पुढचा खालचा कोपरा अडतो आणि मागची वरची कड हलमध्ये वर दाबली जाते. त्यामुळे खुणा शोधायच्या त्या दोन ठिकाणी: बाहेरून कील आणि हल यांच्या जोडावर, विशेषतः पुढच्या टोकाशी उघडणारी फट, आणि आतून कीलच्या मागच्या टोकाजवळ असलेल्या आडव्या आधारांवरील तडे किंवा नव्याने मारलेल्या रंगाचा पट्टा. बाकीचा बिल्ज, म्हणजे पाणी साचणारा नौकेचा आतला तळभाग, जुनाट, तेलकट आणि तेवढाच एक भाग ताजा पांढरा असेल, तर तो का रंगवला हे विचारावे आणि उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये. बोल्टच्या नटांवरचा वरवरचा गंज घासून काढता येतो, पण नटाखालच्या पट्टीभोवती सतत ओल दिसत असेल तर जोडातून पाणी येत आहे असे समजावे.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे स्टँडिंग रिगिंग, किती जुन्या आहेत याचा लेखी पुरावा मागावा. स्टेनलेस स्टीलच्या तारा १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे आणि अनेक विमा कंपन्याही त्याच मर्यादेवर बोट ठेवतात. तारेचा खालचा शेवट ज्या नळीत दाबून बसवलेला असतो, तिथे पाणी साचते आणि पहिला पीळ बहुधा तिथेच तुटतो. कापडाचा बोळा तारेवरून फिरवल्यास तुटलेला धागा त्यात अडकतो. बोट फिरवू नये, रक्त निघते. तारांहून अधिक दुर्लक्षित राहतात त्या चेनप्लेट, म्हणजे तारांचा ताण हलपर्यंत पोहोचवणाऱ्या पट्ट्या. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा पापुद्रा टिकण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि डेकच्या जाडीत ओल्या सीलंटमध्ये दबलेल्या पट्टीला नेमका तोच मिळत नाही. तेथे गंज रेषेरेषेने आत शिरतो आणि वरून पट्टी आरशासारखी चकचकीतच दिसते. एका नौकेवर केबिनमधले पुस्तकांचे फडताळ सोडवून बाजूला केले तेव्हा मागच्या पट्टीवरून खाली वाहिलेला, वाळून तपकिरी झालेला गंजाचा ओघळ थेट गादीपर्यंत गेलेला दिसला होता. फडताळ जागच्या जागी असताना तिथे काही संशयास्पद असल्याची कोणतीही खूण नव्हती. विक्रेता पट्ट्या उघड्या करू देत नसेल, तर त्या बदलाव्याच लागतील असे धरून किंमत ठरवावी.

डोलकाठी डेकवर टेकलेली असेल तर तिच्या पायाशी डेक खचला आहे का, हे सरळ पट्टी ठेवून पाहावे. खाली केबिनमधले दार चौकटीत घासत असेल, तर त्याचे मूळ अनेकदा इथेच सापडते.

पाणी आत-बाहेर नेण्यासाठी हलमधून आरपार जाणाऱ्या प्रत्येक भोकावर साधारणतः सीकॉक, म्हणजे बंद करता येणारा नळ, असतो आणि प्रत्येक सीकॉक हाताने उघडून, बंद करून पाहावा. न फिरणारा सीकॉक सीकॉक नव्हेच. साध्या पितळेचे सीकॉक खाऱ्या पाण्यात जस्त गमावत जातात. त्यांचा रंग गुलाबी होतो आणि धातू ठिसूळ बनतो. नौका पाण्याबाहेर असताना पृष्ठभाग थोडा खरवडावा. पिवळी झळाळी दिसली तर ठीक, तांबूस गुलाबी दिसला तर बदल अटळ. कांस्याचे किंवा जस्त न गमावणाऱ्या खास पितळेचे सीकॉक बसवून घ्यावेत आणि प्रत्येकाशेजारी, तो तुटल्यास भोक बुजवण्यासाठी, त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. सुकाण्याचे पातेही पाण्याबाहेरच तपासून घ्यावे. नौका वर काढून दोन दिवस झाले तरी पात्याच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत असेल, तर आतल्या लोखंडी फासळ्या किती शाबूत आहेत हे पाते कापल्याशिवाय सांगता येत नाही.

इंजिन पाहायला जाताना ते आधी सुरू करून ठेवू नये, अशी विक्रेत्याला स्पष्ट विनंती करावी आणि पोहोचताच पहिले काम म्हणून हात इंजिनावर ठेवावा. ते कोमट लागले तर थंड इंजिन सुरू होताना काय घडते हे आपल्याला पाहू द्यायचे नव्हते, असा अर्थ काढण्यास हरकत नाही. थंड डिझेल इंजिन सुरू होताना थोडा धूर सोडते, परंतु तापल्यावरही निळा धूर राहिला तर तेल जळत आहे. भाराखाली काळा धूर आला तर हवा कमी पडते आहे, इंधन फवारणीत दोष आहे किंवा नौका ढकलणारा पंखा आणि तळ शिंपल्यांनी भरले आहेत. एक्झॉस्टबरोबर बाहेर फेकले जाणारे पाणी बघावे. ते मंद असेल तर दोष पंपाच्या इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्रात, असू शकतो किंवा काजळी आणि गंज साचून अरुंद झालेल्या एक्झॉस्ट एल्बोमध्ये, म्हणजे धुराच्या वाकड्या नळीत. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची शक्ती हलमधून सरळ खाली पंख्यापर्यंत नेणारा पाय, असेल तर हलमधल्या मोठ्या भोकावर बसवलेला रबरी पडदा केव्हा बदलला ते विचारावे. निर्माते तो साधारण ७ वर्षांनी बदलण्यास सांगतात आणि त्यासाठी इंजिन सरकवावे लागत असल्याने मालक ते काम पुढे ढकलत राहतात.

शिडांचे कापड दिसायला ठीक असले तरी शिवण आधी जाते. उन्हाने कमजोर झालेला दोरा नखाने खरवडला की तुटतो, म्हणून मागच्या कडेची शिवण अशी तपासावी. शेगडीच्या गॅसची नळी कधीची आहे ते तिच्यावर छापलेल्या वर्षावरून कळते. हा गॅस हवेपेक्षा जड असून बिल्जमध्ये जाऊन साचतो, त्यामुळे नळीविषयी शंका असेल तर ती बदलेपर्यंत सिलिंडर बंदच ठेवावा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. नोंदणी, मालकीची साखळी आणि हलवरचा क्रमांक जुळला पाहिजे. अनेक देशांच्या कायद्यात काही देणी मालकाबरोबर न जाता नौकेबरोबर जातात, त्यामुळे दुरुस्तीगृहाचे किंवा बंदराचे भाडे थकलेले नाही याची लेखी खात्री घ्यावी. किमतीचा प्रस्ताव नेहमी सर्वेक्षण (तज्ज्ञाने केलेली नौकेची तपासणी) आणि सागरी चाचणी या दोन अटींवर द्यावा. सर्वेक्षक आपण स्वतः शोधावा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको, मग तो कितीही सज्जन असो. अहवालात काय तपासले याइतकेच काय तपासता आले नाही हेही लिहिलेले असते, आणि तो भाग दोनदा वाचावा. माझ्या मते खरेदीच्या रकमेच्या निदान एक-पंचमांश इतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला नसेल, तर लहान किंवा नवी नौका पाहावी.

सागरी चाचणीत इंजिन पूर्ण वेगावर किमान १० मिनिटे चालवून तापमान स्थिर राहते का ते पाहावे, आणि शिडे उभारून दोन्ही बाजूंनी वाऱ्याकडे जावे. नौका कललेली असताना एकाने खाली जाऊन सर्व कपाटे उघडून पाहावीत. त्याच वेळी वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा किती सैल पडतात हेही बघावे. थोडी ढील स्वाभाविक आहे, पण तारा लोंबकळत असतील तर एक तर ताण चुकला आहे किंवा हल वाकते आहे.

आता पहिली सफर. ती चाचणीहून लांब पण एका दिवसात, उजेडात संपणारी असावी. १५ ते २० मैल पुरेसे आहेत. वारा ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर ३ किंवा फार तर ४, म्हणजे ७ ते १६ नॉट (तासाला तितके सागरी मैल), आणि तोही वाढत जाण्याचा अंदाज नसलेला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा २० नॉट झाला की शिडावरचा भार चौपट होतो, आणि अंदाजातला आकडा हा सरासरीचा असतो, झोत त्याहून बरेच जोराचे असू शकतात. वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह समोरासमोर येतील ती वेळ टाळावी, कारण त्या वेळी मध्यम वाऱ्यातही लाटा उभ्या आणि आखूड होतात.

निघण्यापूर्वी धक्क्यावर बांधलेल्या अवस्थेतच मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, उभारून रीफ घेऊन, म्हणजे त्याचे क्षेत्र कमी करून, पाहावे. जुन्या नौकांवर रीफची दोरी चुकीच्या कप्पीतून ओवलेली असणे किंवा ती मुळीच नसणे हे आश्चर्यकारक वाटावे इतके सर्रास आढळते. खोली मापकाचा आकडा वजन बांधलेल्या दोरीने पडताळून घ्यावा आणि तो पाण्याच्या पातळीपासून मोजतो की कीलपासून, हे लिहून ठेवावे. होकायंत्र जवळच्या ज्ञात दिशेशी ताडून पाहावे. आधीच्या मालकाने शेजारी बसवलेला स्पीकर त्याला कित्येक अंश चुकवू शकतो. संकटात नौकेचे ठिकाण कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन नौकेवर असेल तर तो आपल्या नावावर नोंदवून घ्यावा, नाहीतर शोधपथक जुन्या मालकाला फोन करेल. फुगणाऱ्या लाइफजॅकेटचे सिलिंडर काढून वजन करावे. किती भरले पाहिजे ते त्याच्यावरच कोरलेले असते. व्हीएचएफ रेडिओवर संकटकाळी हाक देण्याचा चॅनल १६ सतत ऐकावा आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावी. जोडीदाराला रेडिओ वापरणे, इंजिन बंद करणे आणि माणूस पाण्यात पडल्यास नौका थांबवणे या तीन गोष्टी निघण्याआधीच करून दाखवाव्यात.

बिल्ज आदल्या रात्री पूर्ण कोरडा करून पुसावा आणि संशयित जागांच्या खाली टाल्कम पावडर भुरभुरावी. पाण्याचा एक ओघळ आला तरी पावडरीत त्याची वाट स्पष्ट उमटते आणि गळतीचा उगम शोधण्यात जाणारे अनेक तास वाचतात. पाणी सापडले तर बोट बुडवून जिभेला लावावे: खारट असेल तर ते समुद्राचे, गोडे असेल तर टाकीचे किंवा पावसाचे. पंख्याचा दांडा हलमधून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी जुन्या पद्धतीची पॅकिंगची पेटी असेल, तर दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडणे योग्यच आहे. निघाल्यावर अर्ध्या तासाने त्या पेटीला हात लावून पाहावा. ती कोमट चालेल, हात ठेववेनाशी झाली तर पॅकिंग अति आवळलेले आहे. त्यानंतर दर तासाला बिल्ज, पेटी, इंजिनाचा पट्टा आणि तापमान पाहण्याची फेरी मारावी आणि वेळेसह नोंद करावी.

बंद पडलेल्या इंजिनाची सर्वाधिक संभाव्य गोष्ट अशी घडते. बरेच दिवस उभ्या असलेल्या नौकेच्या टाकीत तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्यांचा काळा गाळ तळाशी बसतो. धक्क्यावर इंजिन तासन्‌तास सुरळीत चालते, कारण गाळ हलत नाही. खुल्या पाण्यात नौका डोलू लागते, गाळ ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडते, तेही बहुधा बंदराच्या तोंडाशी, जिथे लाटा सर्वात उंच असतात आणि शिडे नुकतीच उतरवलेली असतात. म्हणून टाकी निघण्यापूर्वी साफ करून घ्यावी, निदान तळाचे इंधन काढून काचेच्या बरणीत पाहावे. जवळ सुटे फिल्टर बाळगावेत आणि फिल्टर बदलून प्रणालीतली हवा काढण्याचे काम धक्क्यावर एकदा स्वतःच्या हाताने करावे. बंदरात शिरताना आणि निघताना नांगर सोडण्यास तयार ठेवावा आणि मेनसेल शेवटच्या क्षणापर्यंत उतरवू नये. नांगराच्या साखळीची लांबी पाण्याच्या खोलीच्या किमान चौपट हवी, दोरी असेल तर सहा-सातपट. साखळीचे आतले टोक नौकेला दोरीने बांधलेले असावे, म्हणजे प्रसंगी ते कापता येते.

परत आल्यावर त्याच दिवशी फिल्टरचा तळ, बिल्ज आणि सर्व चेनप्लेटच्या खालच्या जागा पाहाव्यात, तारांचा ताण पुन्हा मोजावा आणि दोषांची यादी करावी. यादीतल्या नौका बुडवू शकणाऱ्या आणि अडकवू शकणाऱ्या गोष्टी दुरुस्त करून मग अशीच दुसरी सफर, या वेळी थोड्या जास्त वाऱ्यात, करावी.

१२० मैलांचा प्रश्न त्यानंतर विचारात घ्यावा. पाण्याच्या पातळीवर २५ फूट लांबी, म्हणजे जलरेषा, असलेल्या नौकेचा सैद्धांतिक कमाल वेग साधारण ६.७ नॉट येतो, परंतु नियोजन ४ ते ५ नॉटनेच करावे. म्हणजे २४ ते ३० तास, आणि त्यात एक पूर्ण रात्र. अनोळखी जुन्या नौकेवर दोघांनीच रात्रीची पाळी करणे मला मान्य नाही. वाटेत बंदरे असतील तर ३० ते ४० मैलांचे टप्पे पाडावेत, नसतील तर अनुभवी तिसरी व्यक्ती सोबत घ्यावी. कोणत्या दिवशी पोहोचायचे हे कोणालाही कबूल करू नये, कारण ठरलेल्या तारखेसाठी माणसे नको त्या हवामानात बाहेर पडतात.

सर्वेक्षकाने कील किंवा रिगिंगविषयी गंभीर शंका नोंदवली असूनही नौका घ्यायची असेल, तर ती ट्रेलरवर घालून रस्त्याने न्यावी. हा खर्च सुरुवातीला वायफळ वाटतो. मात्र वाहतुकीसाठी डोलकाठी उतरवावीच लागते, त्यामुळे तारा आणि चेनप्लेट बदलण्याचे काम त्याच वेळी जमिनीवर, क्रेनचा वेगळा खर्च न करता होते, आणि नौका पाण्याबाहेर असल्याने कीलचे बोल्ट, सीकॉक आणि सुकाण्याचे पाते यांची कामेही त्याच खेपेत उरकता येतात.